पाचव्यांदा काढलेले हात

पत्र :

"आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मोठी मुलगी नववीत आहे. दिवसभर चित्रं काढते, गणिताच्या वहीची मागची पानंसुद्धा सोडत नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला 'अ' श्रेणी मिळाली होती. तिचे वडील अंबडला एका कंपनीत टर्नर आहेत. त्यांचं म्हणणं, दहावी झाली की सरळ डिप्लोमाला घालू, चित्रं काय रविवारीही काढता येतात. मागच्या महिन्यात शाळेत एका संस्थेची माणसं आली, मुलांची 'टॅलेंट टेस्ट' घेतली. हिची निवड झाली म्हणून फोन आला. दोन वर्षांचा 'क्रिएटिव्ह करिअर प्रोग्रॅम', शनिवार-रविवार वर्ग, फी एक लाख साठ हजार. महिनाअखेरच्या आत भरली तर वीस हजार कमी. हप्त्यांचं कर्ज तेच करून देतात म्हणे. मुलगी नीट जेवत नाही, घरात रोज वाद. पैसे भरावेत का? यात पुढे पोटापाण्याचं काही आहे का? धाकटा पाचवीत आहे, तबला शिकतो, त्याच्यासाठी काही असेल तर तेही सांगा. हिच्या वहीतल्या तीन पानांचे फोटो सोबत पाठवते आहे. – सिडकोतली एक आई"

ताई,

तुमचं पत्र मी नंतर वाचलं, आधी फोटो पाहिले. पहिली दोन पानं छानच आहेत, पण तिसऱ्यावर मी थांबले. आजी मेथी निवडते आहे. चेहरा नाही, साडी नाही, नुसते हात, आणि एकाच पानावर पाच वेळा. पहिल्या दोन हातांना अंगठा नुसता बाजूला चिकटवल्यासारखा आहे. तिसऱ्यात तो उलटा वळलाय आणि तिथे इतकं खोडलंय की कागदाचा भुगा निघालेला फोटोतही दिसतो. चौथ्यात तिने बाकीचा हात काढलाच नाही, फक्त अंगठा, तर्जनी आणि मधली काडी. आणि पाचव्यात ती काडी खरंच खुडली जातेय. नखाचा दाब कळतो.

मी सत्तावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सफाईने चित्र काढणारी मुलं दर वर्गात चार-पाच असतातच. पण चुकलेलं चित्र, कुणी न सांगता, स्वतःहून परत काढणारं मूल क्वचित भेटतं. तुमच्या लेकीत ते आहे. तेव्हा "खरंच काही आहे का हिच्यात" हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारला नसला तरी मनात असेलच, त्याचं उत्तर हे.

आता फीचं. भरू नका. निदान आत्ता नाही, आणि या पद्धतीने तर नाहीच.

मला सांगा, त्या टेस्टमध्ये तुमच्या मुलीची वही कुणी पाहिली का? फोन करणाऱ्याने "आजीच्या हातांचं ते पान" असा एक शब्द काढला? काढला असता तर तुम्ही ते पत्रात नक्की लिहिलं असतं. वर्गातल्या चाळीस मुलांना एक कागद द्यायचा आणि आठवड्याने घरोघर 'निवड झाली' असे फोन करायचे, ही निवड नव्हे, ही विक्री आहे. ज्याने काम पाहिलं नाही तो कामाबद्दल काय शिकवणार? कलेचं शिक्षण म्हणजे शेवटी एवढंच असतं की ज्याला कळतं असा माणूस तुमच्या कागदाशेजारी बसतो, "इथे बघ, मनगट कुठे गेलं?" म्हणतो, आणि उठून जातो. मग तुम्ही ते पुन्हा काढता. ज्या वर्गात हे होतं तो चांगला, मग तो वातानुकूलित इमारतीत असो की कुणाच्या गच्चीवर.

कर्जाबद्दल मी जरा कळकळीने लिहिते, कारण ते माझ्या हातून एकदा झालंय. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी अ‍ॅनिमेशनच्या कोर्सबद्दल विचारलं होतं. मी त्या संस्थेत एकदा पाहुणी म्हणून गेले होते, संगणक नवे होते, भिंतींवर मोठमोठी चित्रं होती. मी म्हटलं, बरी दिसते. त्यांनी फी हप्त्याने भरायची म्हणून सह्या केल्या. संस्थेने सातव्या महिन्यात गाशा गुंडाळला. तेव्हा कळलं की सह्या संस्थेच्या कागदांवर नव्हत्याच, एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर होत्या. संस्थेला सगळे पैसे पहिल्याच महिन्यात मिळाले होते. वर्ग बंद झाले, हप्ते मात्र दोन वर्षं चालू राहिले. त्या मुलाची आई मला आजही रविवार कारंजावर भेटली की हसून बोलते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. भिंतीवरची ती चित्रं कुणाची आहेत, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

म्हणून, कुठल्याही खासगी वर्गात जायचं झालं तर आधी एक अख्खा तास मुलीला तिथे बसू द्या. शिकवणार कोण, त्यांना समोर भेटा. समुपदेशक म्हणून टेबलामागे बसलेली व्यक्ती वेगळी आणि शिकवणारी वेगळी, हे लक्षात असू द्या. एखाद्या साध्या मुलाचं पहिल्या महिन्यातलं आणि वर्षानंतरचं काम शेजारी शेजारी ठेवून दाखवा म्हणावं. फी महिन्याची महिन्याला घेतात का? मध्येच सोडलं तर किती परत, ते लिहून देतात का? "आजच भरा" आणि "नोकरीची हमी" ही दोन वाक्यं एकाच बैठकीत कानावर पडली तर चहा ठेवून उठा.

मग करायचं काय? एक लाख साठ हजार न भरता करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं पहिलं तुमच्या शाळेतच आहे.

एलिमेंटरी झालीय, तर आता इंटरमिजिएट, आणि ती नववीतच. कला संचालनालयाची ही शासकीय रेखाकला परीक्षा आपण सगळ्यांनी 'दहावीच्या वाढीव गुणांची परीक्षा' करून टाकली. गुण मिळतात हे खरं, 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५, 'क' ला ३, आणि त्यासाठी शाळेने बोर्डाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, तो गेला की नाही हे दहावीच्या वर्षी तुम्ही स्वतः विचारा. पण मला त्या परीक्षेचं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं. तिच्यात स्थिरचित्र (समोर मांडलेल्या वस्तूंचं), स्मरणचित्र (आठवणीतून काढायचं), संकल्पचित्र (नक्षीची रचना) असतं. आता बारावीनंतर राज्यातल्या कला महाविद्यालयांत बीएफए या कलेच्या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घ्यायचा तर जी सीईटी द्यावी लागते, तिच्यात काय असतं? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि थोडं सामान्यज्ञान. म्हणजे नववीतली ही परीक्षा तीन वर्षांनंतरच्या दाराचीच पायरी आहे. गुणांसाठी पाठ केलेली फुलदाणी तिथे चालत नाही, पाच वेळा काढलेले हात चालतात.

दुसरं, कला उत्सव. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा हा उपक्रम २०१५ पासून चालू आहे, नववी ते बारावीच्या मुलांसाठी. गायन, वादन, नृत्य, नाट्य यांच्याबरोबर चित्र आणि शिल्पही त्यात आहे. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय पातळी असा तो जातो. शाळेमार्फतच जायचं असतं आणि बऱ्याच शाळा परिपत्रक आल्यावर दोन दिवसांत कुणाचं तरी नाव कळवून मोकळ्या होतात. मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून ठेवा. जिंकणं-हरणं बाजूला राहू द्या. जिल्ह्यातली इतर मुलं कसं काम करतात हे तिला एकदा दिसायला हवं. एकट्या वहीत वाढणाऱ्या मुलाला हे दिसत नाही, आणि मग एक तर खूप गर्व येतो, नाही तर खूप भीती.

धाकट्याचं इथेच सांगून टाकते, कारण त्याच्या बाबतीत वयाचा प्रश्न आहे. सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, ज्याला सगळे सीसीआरटी म्हणतात, त्यांची मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे. संगीत, नृत्य, नाट्य, चित्र-शिल्प, पारंपरिक कला, सगळ्यांसाठी. पण वयोगट १० ते १४. मोठीची वेळ निघून गेली, याची नववीत जाईपर्यंत निघून जाईल. पाचवीतल्या तबल्यावाल्या मुलाने गुरुजींकडून नीट तयारी करून अर्ज करायचा तो आता. शिवाय तबल्याच्या परीक्षाही वेळच्या वेळी देत राहू दे. शास्त्रीय संगीतासाठीही दहावीला वाढीव गुणांची सोय आहे. मोठीसाठी पुढे, अठरा ते पंचवीस या वयात, संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती असते, महिना पाच हजार, दोन वर्षं. ती डोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवा, आज तिचा विचार नको.

आणि तिसरं, जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. आपण नाशिकमध्ये राहतो. चित्र शिकायला याहून चांगलं गाव मागून मिळायचं नाही. रविवारी सकाळी साडेसहाला तिला घेऊन गोदाघाटावर जा. नारोशंकराच्या देवळाची ती कमान, वरची घंटा, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, सगळी यथादर्शनाची, म्हणजे जवळचं मोठं आणि दूरचं लहान कसं दिसतं याची, शिकवणी तिथे दगडात मांडून ठेवलेली आहे. आपल्या शिवाजी तुपे सरांनी हाच घाट आणि हेच वाडे जलरंगात किती वर्षं रंगवले. सुट्टीत बुधवार आला तर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात बसवा. पिवळ्या पालाखाली बसलेली बाई भाजीच्या जुड्या लावताना स्थिर राहत नाही, मग झरझर रेषा मारायला हात शिकतो. पावसाळ्यात नाही जमलं तर बसस्टँड आहेच. राज्य नाट्य स्पर्धेची फेरी नाशिकला असते तेव्हा साईखेडकर नाट्यगृहात मागच्या रांगेत वही घेऊन बसू द्या. अंधारात, न बघता रेघ काढायची सवय होते, आणि नेपथ्य हेही कुणाचं तरी काम असतं हे डोळ्यांना दिसतं. कला महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या कामाची प्रदर्शनं लागतात, तिथे नेऊन तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या. तुम्ही जरा लांब थांबा.

संगणकाची घाई करू नका. पण ती मागेच लागली तर क्रिता आणि ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पहिलं चित्रासाठी, दुसरं त्रिमिती आणि अ‍ॅनिमेशनसाठी. असल्या कोर्समध्ये पहिले सहा महिने बटणं कुठे आहेत एवढंच शिकवतात, ते घरीही शिकता येतं. अंगठा वळतो कसा, हे मात्र बटणाने येत नाही.

आता पोटापाण्याचं. नुसती चित्रं विकून घर चालवणारे थोडे असतात, आणि त्यांनाही पहिली कित्येक वर्षं दुसरं काहीतरी करावं लागतं. हे तुम्ही मुलीपासून लपवू नका. पण चित्र काढता येणाऱ्या माणसाला काम फक्त चौकटीतल्या चित्राचं असतं असं कुणी सांगितलं? आपल्या जिल्ह्यातून द्राक्षाची पेटी परदेशी जाते, तिच्यावरचं लेबल कुणीतरी काढलेलं असतं. वाइनच्या बाटलीवरचं तसंच. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर नवा मोर यायचा असेल तर कुणीतरी तो आधी आलेखाच्या कागदावर चौकटीचौकटीने बसवतो. पाठ्यपुस्तकातली चित्रं, मोबाइलच्या अ‍ॅपमधल्या खुणा, दवाखान्यातल्या पाट्या, दागिन्यांची डिझाइन्स, तिच्या बाबांच्या कंपनीत जी यंत्रं बनतात त्यांची मूठ हाताला कशी बसावी, ही सगळी डिझाइनचीच कामं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ साली चित्रपट दाखवला, पण त्याआधी ते मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकले होते, फोटो काढत होते, छापखाना चालवत होते. एका रेषेत कुणाचं आयुष्य गेलं आहे? जे जे शिकले ते पुढच्या कामात वापरलं गेलं.

त्यासाठी शिक्षणाचे रस्तेही एकाहून जास्त आहेत. बीएफएचं सांगितलं. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, तिची परीक्षा कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्याला देता येते. तिच्या दुसऱ्या टप्प्यात समोर सामान ठेवतात आणि काहीतरी बनवून दाखवायला सांगतात. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, तिलाही शाखेची अट नाही. एक भाग संगणकावर असतो, निरीक्षणाचा आणि आकार मनात फिरवून बघण्याचा, दुसरा हाताने चित्र काढण्याचा. स्पर्धा भरपूर आहे, फीही कमी नाही, पण तिथे मिळालेल्या जागेसाठी काढलेलं कर्ज आणि शनिवार-रविवारच्या वर्गासाठी काढलेलं कर्ज यांत मी जमीन-अस्मानाचा फरक करते.

एक गोष्ट मात्र तिला माझ्याकडून ठामपणे सांगा, गणित सोडायचं नाही. वास्तुकलेचा पर्याय पुढे उघडा ठेवायचा तर बारावीला गणित लागतं. गणिताच्या वहीची मागची पानं चित्रांसाठी वापरायला माझी हरकत नाही, पुढची पानं भरलेली हवीत.

आणि तिचे बाबा. तुमच्या पत्रात ते आडवे येणारे म्हणून आलेत, पण मला ते तसे वाटत नाहीत. पाळीच्या नोकरीत हाडं झिजवलेल्या माणसाला लेकीच्या पायाखाली पक्की जमीन हवीय, एवढंच ते म्हणतायत. डिप्लोमा की अकरावी हे दहावीच्या निकालानंतर ठरवायचं आहे, त्याला अजून वर्षाहून जास्त वेळ आहे. ते भांडण आज का भांडायचं? त्यापेक्षा एक करा. इंटरमिजिएटला भूमितीचा पेपर असतो, त्यात घनभूमिती येते. एखादी वस्तू वरून कशी दिसेल, समोरून कशी दिसेल, हे मापात काढायचं. चित्रात चांगल्या असलेल्या मुली नेमक्या इथे अडकतात, मी वर्षानुवर्षं पाहिलंय. आणि तिचे बाबा काय करतात रोज? मशीनवर जॉब लावण्याआधी ड्रॉइंगचा कागद हातात घेतात, वरचा आणि समोरचा देखावा बघून तो तुकडा डोळ्यांपुढे उभा करतात आणि मग लोखंड कापतात. त्या पेपरला त्यांच्याइतका चांगला शिक्षक तुम्हाला अख्ख्या सिडकोत मिळणार नाही. कंपनीचा कागद घरी आणू नका म्हणावं, फक्त एखादा टाकाऊ बुश किंवा नट खिशात घालून आणा, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवा आणि लेकीला विचारा, हा वरून कसा दिसेल, काढ बघू. तिने चुकीचं काढलं तर ते गप्प बसणार नाहीत. बसूच शकणार नाहीत.

तिच्या न जेवण्याचंही यातून थोडं सुटेल असं मला वाटतं. तिला तो वर्ग हवाय, पण त्याहून जास्त तिला हवंय ते कुणीतरी पहिल्यांदा "तुझी निवड झाली" म्हणालं ते. हे तिला घरात ऐकू येऊ द्या. फी भरणार नाही हे सांगताना "आपल्याला परवडत नाही" असं म्हणू नका, ते खरं असलं तरी. आधी ते तिसरं पान तिच्यासमोर ठेवा आणि पाच हातांतला कुठला बरोबर आला, तो का आला, हे तिला तुम्हाला समजावून सांगू द्या. अर्धा तास लागेल. मग फीचं बोला.

दोन लहान कामं राहिली. आजपासून तिने प्रत्येक पानाच्या खाली तारीख घालायची, आणि चुकलेलं पान फाडायचं नाही. पुढे प्रवेशाच्या वेळी कामाची फाइल मागतात तिथे सफाईदार वीस चित्रांपेक्षा असं एक पान जास्त बोलतं. आणि इंटरमिजिएटचे फॉर्म शाळेतून कधी जाणार आहेत ते सोमवारीच विचारून घ्या. तुमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक नसतील तर मला परत कळवा. आणि जमलं तर पुढच्या पत्रासोबत मेथीचं नाही, आजी भाकरी थापतानाचं पान पाठवायला सांगा. थापताना बोटं पसरतात, ते तिने अजून काढलेलं नाही.

तुमची,
चित्रकलेच्या बाई